मार्व्याचा धक्का आणि सिमेंटची नदी

मालाड स्टेशनच्या पश्चिमेकडून मार्व्याला बेस्टची २७२ नंबरची बस जाते. ऑर्लेमचं चर्च, मीठ चौकी आणि मालवणी मागे टाकत, नौदलाच्या आयएनएस हमलाच्या भिंतीकडेने ती जिथे थांबते तिथे मुंबईची जमीन संपते. समोर मनोरीची खाडी आणि पलीकडच्या काठावर मनोरी. बोटीने जायला पाच-दहा मिनिटं लागतात. पाण्याचं वावडं असेल तर दहिसर, भाईंदर, उत्तन असा वळसा घालून त्याच मनोरीला पोचता येतं, पण त्या रस्त्याचं अंतर तीस किलोमीटरहून जास्त भरतं. गोराई आणि मनोरी कागदोपत्री मुंबईतच आहेत. बाकीच्या मुंबईशी त्यांचा रोजचा व्यवहार मात्र होडीनेच चालत आला आहे.

या पलीकडच्या काठावर, गोराईत, १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड हे करमणुकीचं पार्क उघडलं आणि मार्व्याच्या धक्क्यावर एक नवं गिऱ्हाईक येऊ लागलं. तोवर तिथे टोपल्या घेतलेल्या कोळणी, मनोरीहून मालाडला शाळा-कॉलेजात येणारी मुलं, नोकरदार आणि रविवारी समुद्र पाहायला निघालेली जोडपी असायची. आता सकाळी डबे, चादरी, टॉवेल आणि कपड्यांची जादा पिशवी घेतलेली अख्खी कुटुंबं आणि दोन-दोनच्या रांगेत उभ्या केलेल्या शाळांच्या सहली दिसू लागल्या. मालाड, कांदिवली, गोरेगावातल्या चाळींत आणि सोसायट्यांत वाढलेल्या कितीतरी मुलांच्या आयुष्यातली पहिली बोट म्हणजे मार्व्याहून एस्सेलवर्ल्डला जाणारी लाँच. पार्कात पुढे कुठकुठले पाळणे झाले हे मोठेपणी धड आठवत नाही. लाँच सगळ्यांना आठवते. एस्सेलवर्ल्डचा विषय काढला की दहापैकी आठ जण सुरुवात बोटीपासूनच करतात.

हे असं का व्हावं, या प्रश्नामागे लागल्यावर मी जगभरातल्या पार्कांतल्या बोटींचा इतिहास वाचत गेलो. माझं मत झालं ते असं : करमणुकीच्या धंद्याने शंभर-सव्वाशे वर्षं पैसा आणि डोकं खर्चून जो अनुभव उभा केला, तो मालाडकरांना खाडीमुळे आयताच मिळाला होता, आणि त्यामुळे पार्काच्या कुंपणाआतली बोट त्याच्यापुढे नेहमीच फिकी पडली.

सुरुवात अमेरिकेतून. इलिनॉय राज्यातल्या रॉक आयलंड इथल्या वॉचटॉवर पार्कात १८८४ मध्ये टेकडीच्या उतारावर लाकडी घसरण बांधली गेली. सपाट बुडाची होडी वरून सोडायची, ती सुसाट खाली येऊन नदीच्या पाण्यावर आपटायची आणि उसळ्या घेत पुढे जायची. या खेळाला मोठ्या शहरात नेलं कॅप्टन पॉल बॉयटन याने. हा गडी आधीच प्रसिद्ध होता, कारण १८७५ मध्ये रबराचा हवाबंद पोशाख घालून त्याने इंग्लिश खाडी पोहून पार केली होती. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर जुलै १८९५ मध्ये त्याने सी लायन पार्क उघडलं. सभोवती कुंपण, दारावर तिकीट आणि आत सगळे खेळ, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी मांडणी तिथे पहिल्यांदा रुळली. त्या कुंपणाआतलं मुख्य आकर्षण होती घसरणारी होडी. तिच्यात एक नावाडी उभा असे. होडी पाण्यावर आपटली की तोही हवेत उडे आणि पुन्हा पाय रोवून उभा राही. लोक होडीत बसायला येत तितकेच त्याला बघायला येत असावेत, अशी मला दाट शंका आहे. पुढे सी लायन पार्क गेलं आणि १९०३ मध्ये त्याच जागी लुना पार्क उभं राहिलं, पण होडीची घसरण नव्या मालकांनीही ठेवली.

दुसरी परंपरा संथ पाण्याची. अंधाऱ्या बोगद्यातून अरुंद पाटावर होडी हळूहळू सरकत जाते आणि दोन्ही बाजूंना देखावे लागतात. अमेरिकेत या प्रकाराला जुनी पाणचक्की म्हणत, कारण पाटातलं पाणी हलतं ठेवायला खरोखरच एक मोठं चाक फिरत असे. पिट्सबर्गजवळच्या केनीवूड पार्कात १९०१ साली अशी एक सफर सुरू झाली. जोडप्यांना अंधार हवा असे, त्यामुळे या बोगद्यांना वेगळीच कीर्ती लाभली. त्या बाबतीत मार्वे आणि अक्सा किनाऱ्याची कीर्तीही फार निराळी नाही, पण तो विषय इथे नको.

हे दोन्ही प्रवाह एकत्र आले १९६० च्या दशकात, आणि त्यामागे कॅलिफोर्नियातली अ‍ॅरो डेव्हलपमेंट ही छोटीशी कंपनी होती. टेक्सासमधल्या सिक्स फ्लॅग्ज पार्कासाठी तिने १९६३ मध्ये लाकडाच्या ओंडक्याच्या आकाराच्या होड्या घडवल्या. जंगलतोडीचे ओंडके पाटाच्या पाण्यातून गिरणीपर्यंत सोडायची तिकडे जुनी रीत होती, तिचाच हा खेळ. आज जगभरच्या पार्कांत ओंडक्याच्या होड्या आहेत त्यांचं मूळ हे. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात वॉल्ट डिस्नेच्या लोकांनी युनिसेफसाठी, पेप्सीच्या पैशाने, देशोदेशींच्या गाणाऱ्या बाहुल्यांमधून जाणारी नौकासफर मांडली. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ती हीच. होड्या आणि पाट पुन्हा अ‍ॅरोचे. ही सफर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये कायमची हलवली. अमेरिकेच्या सहलीवर गेलेल्या मराठी कुटुंबाच्या अल्बममध्ये त्या पांढऱ्या-सोनेरी दर्शनी भिंतीपुढचा एक तरी फोटो सापडतो, आणि त्यात साडीवर स्वेटर आणि पायात स्पोर्ट शूज घातलेली आजी हमखास असते.

आजीचा मुद्दा गमतीचा नाही. कौटुंबिक बोटीचं सगळं अर्थशास्त्र त्या आजीवर उभं आहे. पाळण्याला गुडघे आड येतात, रोलर कोस्टरला रक्तदाब, लहानग्यांना उंचीची पट्टी. बोटीत तिन्ही पिढ्या एका बाकावर बसतात. शिवाय बोटी एकामागून एक सुटत राहतात, त्यामुळे रांग थांबत नाही. डिस्नेच्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'ची मूळ कल्पना पायी हिंडून पाहायच्या मेणाच्या पुतळ्यांची होती. प्रदर्शनातल्या बाहुल्यांच्या सफरीने तासाला हजारो माणसं हसतखेळत पुढे सरकवलेली पाहून चाच्यांनाही होडीत बसवायचं ठरलं. मार्च १९६७ मध्ये ती सफर सुरू झाली तेव्हा वॉल्ट डिस्नेला जाऊन तीन महिने झाले होते.

आता या होड्या चालतात कशा ते पाहू. होडी तरंगते खरी, पण तिला सुकाणू नसतं. सिमेंटच्या किंवा फायबरच्या पाटात ती दोन्ही बाजूंच्या लहान चाकांनी भिंतींना टेकत पुढे जाते. पाटाला अगदी किंचित उतार असतो. खालच्या टाकीतलं पाणी पंप अखंड वर फेकतात आणि ते उतारावरून वाहत होडीला नेतं. पंप बंद केले की पाणी टाकीत परततं आणि होड्या पाटाच्या तळाला टेकतात. रात्री बंद झालेल्या पार्कातली ही नदी म्हणजे कोरडी मोरी. चढावर होडी पट्ट्याच्या किंवा साखळीच्या आधाराने वर ओढली जाते. तिथे ऐकू येणारा खटखट आवाज होडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खिट्ट्यांचा. पोटात गोळा आणणारा भाग हाच, उतार नव्हे, असं माझं वैयक्तिक मत. उतार मोजून तीन-चार सेकंदांचा. दहा मीटर उंचीवरून सुटलेली होडी घर्षण सोडून हिशेब केला तर ताशी पन्नास किलोमीटरच्या घरात वेग घेते, आणि तो वेग मारायला ब्रेक लागत नाही, खालचं पाणीच तो पितं. होडीच्या नाकाचा आकार असा ठेवतात की पाणी भिंतीसारखं वर उठावं. पुढच्या बाकावरच्यांनी किती भिजायचं हे त्या आकारावर ठरतं.

एस्सेलवर्ल्डमध्ये या जातीची राइड होती अ‍ॅक्वा डाइव्ह. झायक्लोन आणि हूला लूप या रोलर कोस्टरांची नावं मुलांच्या तोंडी जास्त, पण अ‍ॅक्वा डाइव्हच्या रांगेत आई-वडील आणि मावश्या-काकाही असत. वर चढताना ओरडाआरडा, मग धबाक्, मग चिंब. उतरल्यावर बायकांनी ओढण्या पिळायच्या, पुरुषांनी पाकिटातल्या नोटा उन्हात धरायच्या आणि मुलांनी पुन्हा रांगेत जायचा हट्ट धरायचा. नव्वदीत टीव्हीवर दिसणारी पार्कची जाहिरात घरी न जाण्याच्या याच हट्टावर बेतलेली होती. तिचं गाणं त्या पिढीला अजून तोंडपाठ आहे आणि इथे ते लिहायची गरज नाही.

मात्र अ‍ॅक्वा डाइव्हची सगळी युक्ती होती उतारात. संथ, लांब, दोन्ही बाजूंना काहीतरी घडणारी सफर पार्कात तितक्या ताकदीने नव्हती. ती होती बाहेर, मार्व्याच्या खाडीत. धक्क्यावरून लाँच सुटली की मासळीचा आणि डिझेलचा एकत्र वास येई. काठावर नांगरलेल्या होड्यांची रंगवलेली नाळ, त्यावर निशाणं, वलांडीवर वाळणारे बोंबील, पुढे तिवरांची हिरवी भिंत आणि चिखलात टिपत चालणारे बगळे दिसत. ओहोटी असेल तर लाँच पाण्याची खोल वाट धरून वळत-वळत जाई, भरतीला सरळ. इंजिनाच्या धडधडीत बोलणं ऐकू येत नसल्याने मुलं आपोआप गप्प बसत, ही शिक्षकांच्या दृष्टीने सहलीतली एकमेव विश्रांती. पाव तास-वीस मिनिटांनी तिवरांच्या वर पार्कातले पाळणे दिसू लागत आणि लाँचमध्ये एकदम कल्ला होई.

डिस्नेच्या माणसांनी हाच परिणाम साधायला तळं खणलं होतं. फ्लोरिडातलं मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं तेव्हा गाड्या मुद्दाम दूर लावायला लावल्या आणि पार्क व वाहनतळ यांच्यामध्ये सेव्हन सीज लगून नावाचा मानवनिर्मित जलाशय ठेवला. पाहुण्यांनी फेरीबोटीने किंवा मोनोरेलने जायचं. रोजच्या जगातून निघून दुसऱ्या जगात चाललो आहोत असं माणसाला वाटायला हवं, तर मध्ये पाणी हवं, हा हिशेब. जलाशयातून निघालेली माती वापरून पार्काची जमीन उंच केली. कामाची देखरेख करणारा जो फाउलर हा अमेरिकी नौदलाचा निवृत्त रिअर अ‍ॅडमिरल, आणि तिथल्या एका फेरीबोटीला पुढे त्याचं नाव दिलं गेलं. गोराईला ना तळं खणावं लागलं ना अ‍ॅडमिरल आणावा लागला.

एस्सेलवर्ल्ड उभारणाऱ्या सुभाष चंद्रांनी ही जागा खाडीच्या नाट्यासाठी निवडली असं मी म्हणणार नाही. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातून आलेला, तांदळाच्या व्यापारात आणि सोव्हिएत संघाला केलेल्या निर्यातीत वर आलेला, मग टूथपेस्टच्या नळ्यांच्या पॅकेजिंगमध्ये शिरलेला हा उद्योजक. मुंबईत शेकडो एकर सलग जमीन मिळेल अशी जागा शोधणाऱ्याला खाडीपलीकडेच जावं लागलं असतं. त्याचं झी टीव्ही यायला, म्हणजे २ ऑक्टोबर १९९२ उजाडायला, अजून तीन वर्षं होती. पाणी ही त्याच्यासाठी वाहतुकीची अडचण असणार. ती अडचणच पार्काची सगळ्यात चांगली राइड ठरली, हे मालकाच्या ताळेबंदात कुठे दिसणारं नव्हतं. १९९८ मध्ये शेजारी वॉटर किंगडम आलं आणि भिजण्याचा खेळही तिकडे सरकला.

गावाच्या बाजूने मात्र ही गोष्ट अशी गोड वाचता येत नाही. मनोरी, गोराई, उत्तन हा सगळा धारावी बेटाचा पट्टा. झोपडपट्टीमुळे जगाला माहीत असलेली धारावी ती वेगळी. इथे कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, शेती-वाडी आहे, चर्च आणि क्रूस आहेत. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेत धारावीच्या किल्ल्यासाठी आणि अलीकडच्या मढसाठी लढाया झाल्या तेव्हाही ही खाडी सैन्यांना ओलांडावी लागली असणार. करमणुकीसाठी होडीने येणंही इथे नवं नाही. मालाडच्याच हद्दीतल्या एरंगळला १५७५ चं सेंट बोनाव्हेंचर चर्च आहे आणि दर जानेवारीत दुसऱ्या रविवारी तिथे मोठी जत्रा भरते. आजूबाजूच्या गावांतून लोक तिथे होड्यांनी आणि बैलगाड्यांनी येत. जत्रेत पाळणे असतात, आणि आपल्याकडच्या कुठल्याही जत्रेत असतो तसा कोलंबसही, म्हणजे पाण्याचा थेंब न लागता झुलणारं जहाज. खऱ्या होडीतून उतरून खोट्या जहाजात बसायला पैसे मोजणारी माणसं एस्सेलवर्ल्डच्या आधीपासून या किनाऱ्यावर होती.

पण २००६ च्या सुमारास पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा गोराई-मनोरी-उत्तनची गावं एकवटून विरोधात उभी राहिली. एक पार्क शेजारी असणं वेगळं आणि आख्खं बेट पार्क होणं वेगळं, हे त्यांना नीट कळत होतं. तो बेत बारगळला. गावकऱ्यांनी तेव्हा हट्ट धरला नसता तर आज पलीकडच्या धक्क्यावर सुकट घेऊन उतरणारी बाई दिसली नसती, एवढं मी ठामपणे म्हणेन.

एस्सेलवर्ल्डशेजारी, सुभाष चंद्रांनी दिलेल्या जागेत, विपश्यना शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंकांच्या प्रेरणेने ग्लोबल विपश्यना पॅगोडा उभा राहिला. आत एकही खांब नसलेला दगडी घुमट, त्याखाली सुमारे आठ हजार साधकांची जागा, आणि उद्घाटन ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते. एकाच खाडीतून काही लोक किंचाळायला आणि काही मौन पाळायला जाऊ लागले.

धंद्याचं चक्र पुढे फिरलं. वस्तू व सेवा कर आला तेव्हा २०१७ मध्ये थीम पार्क २८ टक्क्यांच्या पट्टीत बसले, जानेवारी २०१८ पासून तो दर १८ वर आला. जानेवारी २०१९ मध्ये एस्सेल समूहाची कर्जाची अडचण सुभाष चंद्रांच्या जाहीर पत्रातून लोकांसमोर आली. त्यानंतर कोविडची टाळेबंदी. पार्कांना कुलूप लागलं. वॉटर किंगडम पुन्हा उघडलं, पण २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्ड बंद झाल्याच्या बातम्या आल्या तेव्हा समाजमाध्यमांवर दोन दिवस शाळेच्या सहलींच्या फोटोंचा पूर आला. त्याच वर्षी खोपोलीजवळचं इमॅजिका हे थीम पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाने ताब्यात घेतलं, म्हणजे मुंबईकराच्या थीम पार्कचं केंद्र खाडीवरून एक्स्प्रेसवेवर गेलं ते तिथेच राहिलं.

इमॅजिका २०१३ मध्ये उघडलं तेव्हापासून तिथे 'राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर' आहे. नाव काल्पनिक नाही. राजासॉरस नर्मदेन्सिस हा खरोखरचा भारतीय डायनासोर, गुजरातेत राहिओली इथे सापडलेल्या हाडांवरून २००३ मध्ये त्याचं नामकरण झालं. होडी अंधारात शिरते, डायनासोर गुरगुरतात, आणि शेवटी उतार व पाण्याची भिंत. जुन्या पाणचक्कीचा अंधार आणि बॉयटनची घसरण, दोन्ही एकाच पाटात बसवलेले. राइड म्हणून ती अ‍ॅक्वा डाइव्हपेक्षा कितीतरी सरस आहे, हे कबूल करायला मालाडकर असूनही मला जड जात नाही. पण तिथे पोचायला एक्स्प्रेसवेवर टोल भरावा लागतो आणि वाटेत फूड मॉल लागतो, खाडी लागत नाही.

खऱ्या बोटीची बाजू घेताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि प्रवासी बुडून मेले. पार्कातल्या पाटाची खोली कमरेएवढी असते, होडीला वाट बदलता येत नाही आणि बटण दाबणारा माणूस सगळं पाहत बसलेला असतो. खाडीत यातलं काही नाही. तिथे भिस्त असते ती लाइफ जॅकेट, बोटीत किती माणसं घेतली याचा हिशेब आणि पाण्याची जाण असलेला तांडेल यांच्यावर. 'पाच मिनिटांचा तर प्रवास' म्हणून जॅकेट पायाखाली टाकून बसणारे लोक मी मार्व्याला पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यात मुलांना झायक्लोनवर पट्टा घट्ट लावायला सांगणारे बापही असत.

मुलांना आज ही सफर घडवायची असेल तर पार्काचं तिकीट लागत नाही. मार्व्याहून मनोरीची बोट चालू आहे, दुचाकीही त्यातून पलीकडे जातात. जायच्या आधी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावं. मोठ्या उधाणाला इथलं पाणी चार मीटरच्या आसपास वर-खाली होतं, त्यामुळे सकाळी बोटीतून सरळ धक्क्यावर पाऊल ठेवलेल्या माणसाला दुपारी शेवाळलेल्या पायऱ्या उतराव्या लागू शकतात. पावसाळ्यात वारा आणि लाटांमुळे फेऱ्या थांबू शकतात, तेव्हा चौकशी करूनच निघावं. ऊन उतरल्यावरची वेळ चांगली, आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मनोरीला उतरताच विचारून घ्यावी, नाहीतर रात्री उत्तन-भाईंदरचा वळसा रिक्षाने घालावा लागतो आणि रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं.